परदेशातला पहिला दिवस मोकळा ठेवा

आईला लंडन दाखवून आणलं, त्याला आता महिना झाला. भेटेल तो एकच विचारतो, "काय काय बघितलं?" सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मादाम तुसाँ नाही केलं?" नाही, ते मेणाच्या पुतळ्यांचं म्युझियम नाही केलं. लंडन आय हा नदीकाठचा भलामोठा पाळणासुद्धा खालूनच बघितला. तरीही आईच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर सहल होती असं ती स्वतः म्हणते, म्हणून हे सविस्तर लिहितेय. आई-वडिलांना पहिल्यांदा परदेशी न्यायचं मनात असलेले बरेच जण हे वाचतील, त्यांच्यासाठी.

आई ७१ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने ३१ वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी भूगोल. विमानात याआधी एकदाच बसलेली, नागपूर ते मुंबई. मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आणि थेट विमानाने गेलं तरी साडेनऊ-दहा तास लागतात. तिकीट काढताना हा नुसता आकडा असतो. विमानातली हवा कमालीची कोरडी असते, घसा आणि डोळे सुकतात. आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा कितीतरी उंच डोंगरावर दहा तास एका खुर्चीत बसून काढायचे. त्यात पाय लोंबकळत राहिले की सूज येते. मी आईसाठी मुद्दाम कडेची सीट घेतली होती आणि दर दीड तासाने तिला उठवत होते. मागच्या पडद्याजवळ जाऊन ती टाचा वर-खाली करायची, शाळेत पोरांकडून कवायत करून घ्यायची तशी, तोंडाने हळूच "एक, दोन" मोजत. दोन हवाई सुंदऱ्या थांबून बघत होत्या, त्यांनाही तिने करायला लावलं.

व्हीलचेअर मागवली म्हणून ती माझ्यावर रुसली होती. "मी काय आजारी आहे का?" मी ऐकलं नाही. हीथ्रोवर विमानातून उतरल्यावर किती चालावं लागतं आणि इमिग्रेशनच्या रांगेत किती उभं राहावं लागतं, हे गेल्याशिवाय कळत नाही. तुमच्या आईने नको म्हटलं तरी मागवा.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. तीन वर्षांपूर्वी माझी मावशी एका टूर कंपनीबरोबर युरोपला गेली होती. विमान सकाळी लंडनला उतरलं, हॉटेलच्या खोल्या दुपारनंतर मिळणार, म्हणून बॅगा बसच्या पोटात टाकून सगळ्यांना थेट साइटसीइंगला नेलं. रात्रभर न झोपलेली, साठी ओलांडलेली माणसं. "पंधरा मिनिटं, फोटो काढा आणि बसमध्ये बसा." मावशीचा बिग बेनसमोरचा फोटो आमच्याकडे आहे. त्यात तिचे डोळे मिटलेले आहेत. तिला तो घंटेचा मनोरा आठवतच नाही. तिने निवृत्तीच्या पैशातून ती सहल केली होती. तो फोटो बघितला की मला आजही राग येतो. पहिला दिवस फुकट जायला नको म्हणून तो कार्यक्रमांनी ठासून भरायचा, याच्याइतकं वाईट नियोजन नाही. लोक दिवस मोजून पैसे देतात, म्हणून कंपन्या ठिकाणं मोजून दाखवतात, आणि आपणही घरी येऊन ठिकाणंच मोजतो.

आम्ही पहिला दिवस कोराच ठेवला होता. हीथ्रोवरून एलिझाबेथ लाइन ही रेल्वे घेतली. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या लाइनच्या सगळ्या स्टेशनांवर जिना न चढता रस्त्यापर्यंत येता येतं. लंडनचा जुना ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, १८६३ पासूनचा, त्यामुळे तिथे पुष्कळ ठिकाणी जिन्यांना पर्याय नाही, हे गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी बघून ठेवावं. तिकिटाच्या भानगडीत पडू नका, कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवलं की झालं, दिवसाला ठरावीक रकमेपुढे पैसे कापले जात नाहीत. फक्त प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं.

दुपारी दोन तास पडून आम्ही थेम्सच्या काठी गेलो. जून महिना. तिथे तेव्हा रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो, आणि पश्चिमेला गेल्यावर संध्याकाळचं ऊन अंगावर घेतलं की शरीराचं घड्याळ लवकर सरकतं. दक्षिण काठावर एका बाकावर बसलो. समोर पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, शेवाळलेल्या. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, मघाशी चार पायऱ्या दिसत होत्या, आता दोनच आहेत." मी सांगितलं, भरती येतेय. तिचा विश्वासच बसेना, समुद्र तर कुठच्या कुठे! पण लंडनमध्ये थेम्सला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी असते आणि पाणी सात मीटरपर्यंत वर-खाली होतं. "मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं, लंडन शहर थेम्स नदीच्या काठी वसले आहे. नदी अशी श्वास घेते हे कुणी सांगितलंच नाही मला." शेवटची पायरी बुडेपर्यंत ती हलली नाही. तासभर गेला. कुठल्या प्रोग्रामात हा तास बसला असता?

त्या रात्री एक वाजता मला जाग आली तर आई पलंगावर बसलेली, केस विंचरून, वेणी घालून. म्हणाली, "साडेपाच झाले ना." नागपुरात साडेपाचच झाले होते, उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक. दिवा न लावता पुन्हा आडवं केलं तिला. दुसऱ्या रात्री ती तीनला उठली, तिसऱ्या रात्री पाचला. एवढं जुळवून घ्यायला शरीराला वेळ लागतोच, तो द्यावा. परत आल्यावर त्रास जास्त होतो, पूर्वेकडे येताना दिवस आखडतो म्हणून. तेव्हा आल्या आल्या लग्नकार्य ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी आम्ही फक्त एका ठिकाणी गेलो. १०, किंग हेन्रीज रोड. आमच्या घरात हा पत्ता मला माझ्या शाळेच्या पत्त्याआधी पाठ झाला होता. नॉर्दर्न लाइनवर चॉक फार्म नावाचं लालबुंद टाइल्सचं १९०७ मधलं स्टेशन आहे, तिथून रेल्वेवरचा पूल ओलांडला की पाच-दहा मिनिटांची वाट. शांत रस्ता, ओळीत उभी घरं, आणि त्यातल्या एका घरावर निळी गोल पाटी: बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे राहत होते. १९१६ मध्ये ते पहिल्यांदा लंडनला आले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मग मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा आले. १९२३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. मिळवली. हे घर विक्रीला निघालं तेव्हा महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं. पुढे तिथे संग्रहालय चालवायला स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली होती, त्याविरुद्धचं अपील २०२० मध्ये जिंकलं गेलं. म्हणजे हे घर आपल्या सगळ्यांच्या पैशाचं आहे, आपलं आहे. तरीही महाराष्ट्रातून निघणाऱ्या किती टूरच्या पत्रकांत हा पत्ता असतो, शोधून बघा. मी सात पत्रकं बघितली. एकातही नव्हता. मेणाचे पुतळे मात्र सातही ठिकाणी.

आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती. आई दरवर्षी दसऱ्याला तिथे जाते. दाराशी तिने चपला काढल्या. काढायची गरज नव्हती, पण मी थांबवलं नाही. आत ती भिंतींवरचे फोटो एकेक करून बघत होती, पण खरी थबकली ती खिडकीपाशी. बाहेर साधा रस्ता, एक माणूस कुत्र्याला फिरवत होता. "हेच दिसत असेल त्यांना," एवढंच म्हणाली. एक विद्यार्थी आला होता, लातूरकडचा, लंडनमध्येच मास्टर्स करणारा. त्याने जय भीम केला आणि आई त्याच्याशी अर्धा तास बोलत बसली, जेवतोस का नीट, खोली किती जणांत आहे. निघताना प्रिमरोज हिलवर जाऊन बसलो. टेकडी छोटीशी, पण सगळं लंडन समोर पसरलेलं. लंडन आयही तिथून दिसलं, पैसे न देता.

ब्रिटिश म्युझियम तिसऱ्या दिवशी. प्रवेश मोफत आहे, त्यामुळे तासाभराने पाय दुखले तर खुशाल बाहेर पडावं, पैसे वसूल करायची घाई नसते. आम्ही अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं बघितली, आंध्रातून गेलेली, काचेमागे ठेवलेली. आईने तिथेच हात जोडले. मग ते गोल वाचनगृह जिथे आहे त्या मोठ्या चौकात बसून आम्ही घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. याच वाचनगृहात बाबासाहेब सकाळपासून पुस्तकात डोकं घालून बसायचे आणि रात्री भूक अनावर झाली की पापड भाजून कपभर दुधाबरोबर खायचे, ही गोष्ट आईने शाळेत प्रत्येक वर्गाला सांगितलेली.

बॅग भरताना उडदाच्या पापडांवरून आमचं भांडण झालं होतं. वजन किती होतंय बघ, मी म्हटलं होतं. त्या रात्री फ्लॅटवर आईने खिडकी उघडली, शेगडीवर चिमट्यात धरून पापड भाजला. दुसरा भाजला. ताटलीत ठेवून माझ्याकडे वळली.

"दूध आहे का ग थोडं?"