खुलासा : ‘क्लिअरन्स मिळाला, आता डोंगराची काळजी नाही’

अमेरिकेतल्या छोट्या, कंट्रोल टॉवर नसलेल्या विमानतळांबद्दल वैमानिकांमध्ये दोन समज फिरताहेत : ओडीपी, म्हणजे अडथळे टाळून निघण्याची छापील पद्धत, नसेल तर वाट मोकळी, आणि आयएफआर क्लिअरन्स, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांच्या भरवशावर उडण्याची परवानगी, मिळाला की अडथळे कंट्रोलर बघतो. दोन्ही चूक.

ज्या विमानतळाला इन्स्ट्रुमेंट अप्रोच, म्हणजे उपकरणांवर उतरण्याची ठरलेली पद्धतच नाही, तिथे निघण्याच्या वाटेची तपासणी सहसा झालेलीच नसते. ओडीपी नाही याचा अर्थ तिथे ‘कोणी पाहिलं नाही’ एवढाच. अप्रोच असून ओडीपी नसेल, तर कोणत्याही दिशेला वळता येतं, पण अटींवर : धावपट्टीचं टोक किमान 35 फुटांवरून ओलांडायचं, त्या टोकापासून 400 फूट वर जाईपर्यंत सरळ चढायचं, आणि दर सागरी मैलाला 200 फूट चढ राखायचा. अडथळे ज्याच्या खालीच असायला हवेत तो काल्पनिक चढ मैलाला 152 फुटांनी वर जातो. हाती उरतात मैलामागे जेमतेम 48 फूट.

गफलत होते ती इथे : चढ मैलावर मोजलेला, कॉकपिटमधला काटा मिनिटावर. ग्राउंडस्पीड, म्हणजे जमिनीच्या तुलनेतला वेग, 90 नॉट (ताशी 90 सागरी मैल) असेल तर मिनिटाला 300 फूट पुरतात, 120 ला 400 लागतात. पाठीमागून वारा असेल तर आकडा वाढतो, आणि उन्हाळ्यात उंचावरच्या धावपट्टीवर भरलेलं छोटं विमान तेवढंही देत नाही. टोकाजवळची झाडं, खांब तर चढाच्या आकड्यात धरलेलेच नसतात. ते निघण्याच्या छापील माहितीत फक्त टीपेत असतात. ती टीप वाचाच.

रडार वेक्टर, म्हणजे रडारवर बघून कंट्रोलरने दिलेली दिशा, मिळेपर्यंत अडथळे चुकवणं वैमानिकाकडेच. कंट्रोलरने दुसरा मार्ग दिला नसेल तर ओडीपी न विचारता उडवता येते.