समुद्रापर्यंतची वाट

आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला महिनाभर एकच विषय चालू आहे. गाव गुहागर तालुक्यातलं, समुद्राला लागून. कुणीतरी एक आराखडा टाकला: काचेचा पूल, किनाऱ्यावर काँक्रीटचा रस्ता, जेट स्की आणि दोनशे गाड्यांचं वाहनतळ. खाली लिहिलं होतं, ‘परदेशात बघा, समुद्राकाठच्या खेड्यांचं त्यांनी कसं सोनं केलंय.’ ग्रुपवर परदेशात राहणारा मी एकटाच, त्यामुळे दोघातिघांनी मलाच विचारलं. उत्तर चार ओळींत मावणारं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी बारा वर्षं इंग्लंडमधल्या नॉरिचला आहे. इथून आगगाडीने तासाभरात शेरिंगहॅम, पुढे बसने क्लाय हे गाव. पूर्ण नाव ‘क्लाय नेक्स्ट द सी’, म्हणजे समुद्राशेजारचं क्लाय. पण समुद्र आता तिथून मैलभर लांब आहे. एके काळी हे भरभराटीचं बंदर होतं, इथून लोकर बाहेर जायची. सतराव्या शतकात शेतजमीन काढायला खाजणात बांध घातले, खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर संपलं. सेंट मार्गारेटचं अवाढव्य चर्च आज कुरणाकडे बघत उभं आहे. तिथे पूर्वी गलबतं लागायची. एके काळचं मोठं बंदर असलेलं आपलं दाभोळ पाहिलेल्या माणसाला यातलं दुःख वेगळं सांगावं लागत नाही.

या गावाला माणसं काय बघायला येतात? चकमकीच्या दगडांची बुटकी घरं. एक जुनी पवनचक्की, तिच्यात आता पाहुणे उतरतात. धुरावलेले मासे विकणारं एक दुकान. उन्हाळ्यात सँफायर नावाची खारट हिरवी भाजी मिळते, ती पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला मोरसची भाजीच आठवली. आणि गावाच्या उत्तरेला पसरलेलं खाजण.

या खाजणाची गोष्ट ग्रुपवरच्या प्रत्येकाने ऐकावी. 1926 साली सिडनी लाँग नावाच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने काही मंडळींनी पैसे काढून ही सुमारे 400 एकर दलदल विकत घेतली. हेतू एवढाच, की पक्ष्यांना इथे कायमचा आसरा मिळावा. त्यातून क्लाय ज्या परगण्यात आहे त्या नॉरफॉकची निसर्गसंस्था उभी राहिली आणि तिचं बघून पुढे इतर परगण्यांतही तशा संस्था निघाल्या. शंभर वर्षांत तिथे उभं राहिलं ते एवढंच: लाकडी फळ्यांच्या वाटा, बोरूने शाकारलेली काही खोपटी आणि रस्त्यापलीकडे छपरावर झाडोरा वाढवलेलं एक माहिती केंद्र. खोपटात बाकावर बसायचं आणि अरुंद फटीतून बाहेर बघायचं. माझ्या पहिल्या खेपेला शेजारच्या आजोबांनी आपली दुर्बीण माझ्याकडे सरकवली आणि कुजबुजत म्हणाले, ‘डावीकडे, पाण्याच्या कडेला.’ वर वळलेल्या चोचीचा काळापांढरा अ‍ॅव्होसेट चिखलात चोच डावी-उजवीकडे फिरवत चालला होता. दहा-बारा माणसं आत असून कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

पश्चिमेला ब्लेकनी पॉइंट ही गोट्यांची आणि वाळूची लांबलचक जीभ समुद्रात गेली आहे. 1912 पासून ती नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. इंग्लंडमधली करड्या सीलची सर्वांत मोठी वसाहत इथली. 2001 साली इथे 25 पिल्लं मोजली होती, आता एका हंगामात हजारोंनी जन्मतात. मॉर्स्टनच्या धक्क्यावरून होड्या सुटतात, त्यांचं वेळापत्रक भरती-ओहोटीवर ठरतं. हिवाळ्यात पांढऱ्या लोकरीची पिल्लं वाळूवर असतात तेव्हा होडीवाला लांबूनच दाखवतो, खाली उतरवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या होडी चालवणारी स्थानिक कुटुंबं हा धंदा करतात. पर्यटनाचा पैसा गावात राहतो तो असा.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते वाटांबद्दल.

बाबा इथे आले होते तेव्हा मे महिना होता. आम्ही एका फाटकापाशी पोचलो. पलीकडे कमरेएवढं बार्लीचं शेत, खांबावर ‘पब्लिक फुटपाथ’ अशी पाटी आणि शेतातून सरळ गेलेली हातभर रुंद पायवाट. बाबा थांबले. ‘कुणाच्या शेतातून जातोस? मालक ओरडेल.’ मी म्हटलं, ओरडणार नाही, चला. अर्ध्या वाटेवर ट्रॅक्टरवरचा शेतकरी दिसला, त्याने हात वर केला. मग मी बाबांना समजावलं, की जमीन त्याची, पण वाट सगळ्यांची. असल्या सगळ्या वाटा सरकारी नकाशावर नोंदवलेल्या आहेत. 1949 च्या कायद्याने परगण्यांना ते काम लावून दिलं. शेतकऱ्याला वाट नांगरावी लागलीच तर चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. जमीन दहा वेळा विकली गेली तरी वाट विकली जात नाही. बाबा थोडा वेळ गप्प चालले आणि म्हणाले, ‘म्हणजे ही वहिवाट आहे.’

हो, वहिवाटच. आपल्याकडे या गोष्टीला शब्द आहे आणि कायदाही आहे. 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली अडवलेली वाट मोकळी करून मागता येते. तरी आमच्या वाडीतून समुद्रावर उतरणारी पाखाडी चार वर्षांपूर्वी बंद झाली. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना पोफळी, पावसात शेवाळ धरायची म्हणून आजी काठी घेऊन उतरायची. त्याच पायऱ्यांनी मासेवाल्या डोक्यावर पाटी घेऊन वर यायच्या. खालचा प्लॉट विकला गेला, चिऱ्याचं कुंपण आलं, लोखंडी गेट लागलं. आता समुद्रावर जायचं तर रिक्षा करून वळसा घालावा लागतो. ग्रुपवरच्या आराखड्यात काचेचा पूल आहे, ही पाखाडी नाही. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

इथलं सगळं आलबेल आहे असं मात्र मुळीच नाही. नोव्हेंबरच्या संध्याकाळी क्लायच्या मुख्य रस्त्यावरून चाललं की कितीतरी खिडक्या काळोख्या दिसतात. ती शहरातल्या लोकांची सुट्टीतली घरं. त्यांच्यामुळे किमती चढल्या आणि गावातल्या मुलांना गावात घर घेणं जमेना. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्‌जने 2016 मध्ये मतदान घेऊन ठरवलं, की नवीन बांधलेलं घर कायम राहणाऱ्यालाच मिळेल. एप्रिल 2025 पासून इंग्लंडमधल्या स्थानिक संस्थांना दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावता येतो. घरं रिकामी झाल्यावर सुचलेले हे उपाय. कोकणात ‘जमिनी विकू नका’ म्हणणाऱ्यांना भावनिक म्हणून जे उडवून लावतात, त्यांनी हा काळोख एकदा बघावा.

आणि पैसा हवाच. लांब बसून गावाला ‘जसं आहे तसं राहा’ म्हणण्याचा हक्क मला नाही. काकू दोन खोल्या पाहुण्यांना देते, त्यावर तिचं वर्षाचं बरंच भागतं. पण तिच्याकडे येणारे पाहुणे कशासाठी येतात हे तिला विचारा. मोकळा किनारा, आमच्या वाडीतली सावली, आणि नशिबात असेल तर कासवाची पिल्लं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासने हे करून दाखवलंय. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावातल्या घरांतच राहू-जेवू लागले. मॉर्स्टनचा होडीवाला आणि वेळासची घरधनीण एकच धंदा करतात. परदेशात बघायला सांगणाऱ्यांनी आधी वेळासला जाऊन यावं, एका दिवसाचं काम आहे.

गुहागरच्या वाळूतही कासवं अंडी घालतात. तिथे काँक्रीट ओतलं आणि रात्रभर दिवे लावले तर ती कुठे जाणार?

म्हणून ग्रुपवर मी एकच मागणी टाकली आहे. 1 मेच्या ग्रामसभेत काचेच्या पुलाआधी पाखाड्यांचा विषय घ्या. गाव नकाशा काढा, कुठली वाट कुठून कुठे जाते ते लिहा, जिथे गेट आलंय तिथली वहिवाट सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब आत्ताच घ्या. उद्या ती माणसं नसतील.

परवा मी आठवून आठवून कागदावर आमच्या सात पाखाड्या काढल्या आणि फोटो काकांना पाठवला. रात्री त्यांचा फोन आला. ‘दोन राहिल्या रे तुझ्या. विहिरीकडून खाली जाते ती, आणि वरच्या वाडीतून होळीच्या माळावर निघते ती. लिही, मी सांगतो.’ मी पेन घेतलं.