पत्रिका हातातच द्यायची असते

लग्नात सगळ्यात जास्त हाल पत्रिका वाटणाऱ्याचे होतात. नवरदेव निदान घोड्यावर बसतो. पत्रिका वाटणारा भर मे महिन्यात धुळ्यात स्कूटीवर बसतो, आणि त्याच्या मागे नाना बसलेले असतात.

नाना म्हणजे माझे मोठे काका, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, मुहूर्तावर ठरलं आणि घरात कामांची वाटणी झाली. आचारी बघणं, मंडप बघणं अशी सावलीतली कामं इतरांनी पटापट उचलली. माझ्याकडे स्कूटी होती, त्यामुळे माझ्याकडे नाना आले. मी आधी मोबाईलवर पत्रिका पाठवायचा पर्याय सुचवून पाहिला. नानांनी डोक्यावरचा बागायती रुमाल नीट केला आणि म्हणाले, “तठे फोटो दिखस भाऊ, मान नही दिखस.” विषय संपला.

पहिली पत्रिका गणपतीला आणि दुसरी पांझरा नदीच्या काठावरच्या एकवीरा देवीला. या दोन पत्रिका अगदी सहज पोचल्या. देवांचे पत्ते बदलत नाहीत आणि ते चहा घ्यायचा आग्रह करत नाहीत. खरी वारी त्यानंतर सुरू झाली.

धुळ्याबद्दल बाहेरच्या लोकांचा असा समज असतो की हे आखीवरेखीव शहर आहे, इथे पत्ता सापडायला काय वेळ? समज अगदीच खोटा नाही. 1819 साली कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशचं ठाणं इथे आणलं, तेव्हा गावात 401 घरं आणि 2509 माणसं होती. नानांनी छापलेल्या पत्रिकांत ते अख्खं गाव उरकलं असतं आणि वर पाहुण्यांसाठी गठ्ठा शिल्लक राहिला असता. पण ब्रिग्जसाहेबाला गाव वाढवायची हौस. घर बांधील त्याला बिनभाड्याची जागा, वर बांधकामाला आगाऊ पैसे, असा सगळा मामला त्याने लावला. जुन्या धुळ्याच्या शेजारी सरळ रस्त्यांचं नवं धुळं उभं राहिलं. गल्ल्यांना नावं देण्याच्या भानगडीत न पडता पुढे सरळ नंबरच पडले. दोनशे वर्षांनी त्या हौसेचं फळ माझ्या पदरात पडलं.

कारण धुळ्यात गल्लीचा नंबर म्हणजे पत्ता नाही, पत्त्याची प्रस्तावना आहे. खरा पत्ता पुढे सुरू होतो आणि तो आता अस्तित्वात नसलेल्या गोष्टींवरून सांगितला जातो. गल्ली नंबर 5 मध्ये मी एका किराणा दुकानासमोर स्कूटी थांबवली.

“काका, सोनार कुठे राहतात?”

“कोणते? ज्यांच्या समोर दवाखाना होता ते, का ज्यांच्या दारात लिंब होता ते?”

“लिंब कुठे दिसत नाही पण.”

“तोडला ना तो. मी शाळेत होतो तेव्हाच.”

गृहस्थ साठीचे होते. मागे बसलेल्या नानांना मात्र हे उत्तर पुरेसं वाटलं. “म्हणजे त्या पिठाच्या गिरणीच्या अलीकडं,” ते म्हणाले. गिरणीही नव्हती. तिच्या जागी मोबाईल रिपेअरिंगचं दुकान होतं. तरी आम्ही बरोब्बर सोनारांच्या ओट्यापाशी पोचलो. नानांच्या डोक्यातला नकाशा केव्हाचा होता कोण जाणे, पण तो चालत होता. माझ्या मोबाईलमधला नकाशा आजचा होता आणि तो आम्हाला सारखा एका बोळात नेऊन ‘आपण पोहोचला आहात’ असं सांगत होता. बोळाच्या टोकाला एक शेळी होती.

आग्रा रोडचंही तेच. या रस्त्यावरून आग्र्याला जाणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. मुंबई-आग्रा महामार्ग केव्हाच गावाबाहेर गेला, तिकडे तो सुरत-नागपूर रस्त्याला छेदतो, आणि नाव तेवढं गावात राहिलं. आता इथे भेटतात ती बस्ता बांधायला आलेली वऱ्हाडं. लग्नसराईत त्यांच्यातून स्कूटी काढायची म्हणजे प्रत्येक मावशीच्या पिशवीची परवानगी घ्यावी लागते. त्यात नानांना दर दहा पावलांवर कोणीतरी ओळखीचं दिसतं. मग स्कूटी चालू, नाना उतरलेले, मागे हॉर्नचा गजर आणि भर रस्त्यात खुशाली: “कसा शे भाऊ?” “बरा शे.” “कोनं लगन शे?” “धाकली आंडेरनं.” एवढं झालं की नाना पिशवीतून पत्रिका काढणार, तिला कुंकू लावणार, पेन मागणार, आणि त्या माणसाचं नाव आठवत नसल्यामुळे माझ्याकडे बघणार.

मी काय सांगणार? मी नुसतं ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहून द्यायचो.

नानांबरोबर फिरण्यात आणखी एक गंमत अशी की इतिहास फुकट मिळतो, नको असला तरी. इंजिनिअर विश्वेश्वरय्या 1884 साली सरकारी नोकरीला लागले आणि सुरुवातीच्या काळात धुळ्याकडे पांझरेच्या कामावर त्यांनी पाइपचा सायफन बांधला, हे नाना प्रत्येक घरी सांगतात. स्वर असा की दोघांनी एकाच दिवशी चार्ज घेतला होता. राजवाडे संशोधन मंदिरावरून जाताना त्यांनी मला गाडी थांबवायला लावली आणि इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली इथेच धुळ्यात वारले, जन्मभर जुनी कागदपत्रं शोधत गावोगाव हिंडले, वगैरे ऐकवलं. उन्हात डोकं तापलेलं असताना मला एवढंच वाटलं की राजवाडे कागद गोळा करत होते. त्यांनी कागद वाटायला घेतले असते तर तेही गावोगाव गेले नसते.

तुरुंगाजवळ नानांचे ऑफिसातले जुने सोबती राहतात. याच तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, दर रविवारी एक अध्याय, आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. नाना आणि त्यांचे सोबती त्या दिवशी जे बसले ते कॅनॉल, इन्क्रिमेंट आणि एका मेलेल्या साहेबाची बदली या विषयांवर अध्यायामागून अध्याय बोलत राहिले. ते उतरवून घ्यायला कोणी नव्हतं, ही मराठी साहित्यावर झालेली कृपाच म्हणायची.

आणि चहा. खानदेशात पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला कोरड्या तोंडाने परत पाठवणं हा घराण्याला बट्टा. चहा नको म्हटलं तर सरबत येतं. सरबत नको म्हटलं तर घरची बाई दुखावते. पोट बरं नाही म्हटलं तर जिरं, ओवा आणि एक काढा येतो. काहीच नको म्हणणाऱ्याला शेवटची शिक्षा सुनावली जाते: “मंग आते जेवीसनच जा.” हे ऐकलं की मी मुकाट्याने कपबशी उचलायचो. मे महिन्यात वर गच्चीवर कुरडया चाललेल्या असतात, त्यामुळे वाटीभर गरम चीकही पुढ्यात यायचा. एरवी चीक म्हटलं की मी जीव टाकतो. पण बाहेर ऊन, आत चहा, त्यावर पन्हं आणि त्यावर तूप-साखर घातलेला चीक, अशा अवस्थेत स्पीडब्रेकर आला की माणसाला वैराग्य म्हणजे काय ते कळतं.

पांझरा ओलांडून देवपुरात आलो तेव्हा मला वाटलं, सुटलो. इथे कॉलन्या, प्लॉट नंबर, दारावर नावाच्या पाट्या. वहीत नोंद होती: ‘पाटील सर, देवपूर, पिवळा बंगला.’

देवपुरात पाटील सर शोधणं आणि पंढरपुरात विठ्ठलभक्त शोधणं यात फार फरक नाही. मी एका चौकात “पाटील सर कुठे राहतात?” असं जरा मोठ्याने विचारलं. समोरच्या बाकावरच्या तिघांनी मान वर केली. एक गणिताचे, एक पीटीचे, एक हेडमास्तर. आमचे पाटील सर त्यांतले नव्हते, पण तिघांनीही आमचे सर शोधायचं मनावर घेतलं. “शिंदखेड्याकडचे की शिरपूरकडचे?” “मोठा मुलगा बँकेत की जावई बँकेत?” “दम्याचा त्रास आहे ते?” हळूहळू वर्तुळ लहान होत गेलं आणि शेवटी बंगला सापडला. तो गुलाबी होता. मागच्या दिवाळीला रंगवला म्हणे. नाना मात्र सरांवर नाराज: “रंग देताना सांगायचं तरी.” वाट दाखवायला आलेल्या तिन्ही सरांना आता पत्रिका देणं भाग होतं. यादी संपवायला निघालेले आम्ही यादी वाढवत चाललो होतो.

पुढे वलवाडी, नकाणे, अवधान. एकेकाळची ही गावं आता शहराला चिकटली आहेत, पण मनाने अजून शेतात आहेत. एका बाजूला टाइल्स लावलेला रो-हाउस, दुसऱ्या बाजूला कपाशीच्या पऱ्हाट्यांची गंजी, आणि मधल्या रस्त्यावर म्हशीला पूर्ण हक्क. इथले पत्ते मात्र सोपे. पहिल्या पोराला नाव विचारायचं की ते सायकल घेऊन पुढे धावतं आणि घरापर्यंत सोडून येतं.

शेवटी राहिली मोहाडी. सूर्य कलायला लागलेला, पिशवीत मोजक्याच पत्रिका, आणि माझ्या पाठीचा पार बोऱ्या. मोहाडीच्या अण्णांनी आम्हाला पाहिलं आणि आनंदाने ओरडलेच, “बरं झालं आले! आम्ही उद्या तुमच्याकडेच येणार होतो.” आत गेले आणि कुंकू लावलेली पत्रिका घेऊन बाहेर आले. त्यांच्या मुलाचं लग्न. तारीख तीच. मुहूर्तही तोच, गोरज. दोन्ही पत्रिका हातांत धरून दोघे म्हातारे एकमेकांकडे बघत उभे राहिले आणि मग एकाच दमात म्हणाले, “मी येसच!”

कोण कसा येणार, हे विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. मी आपलं कार्यालय कुठे आहे ते विचारलं.

“साक्री रोडला,” अण्णा म्हणाले. “ती जुनी जिनिंग होती ना, जळाली बघ ती, तिच्या मागं.”

“हां, हां,” नाना म्हणाले, “समजलं,” आणि स्कूटीवर बसले.