अधांतरी बाप्पा

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाला यंदा पंचवीस वर्षे झाली आणि त्याचे प्रायश्चित्त मला घ्यावे लागले. मी सोसायटीचा चिटणीस आहे. सभेत बाकीचे सगळे "कल्पना छान आहे" असे म्हणून चहाकडे वळतात आणि ती कल्पना ज्याच्या गळ्यात पडते, त्याला चिटणीस म्हणतात.

"रौप्यमहोत्सवी वर्षात बाप्पा आकाशात दिसला पाहिजे," असे अध्यक्षांनी जुलैच्या सभेत जाहीर केले. त्यांच्या मोबाइलवर दिल्लीच्या विजय चौकातली चित्रफीत होती. 29 जानेवारी 2022 रोजी बीटिंग रिट्रीटच्या सोहळ्यात 1000 ड्रोन एकदम उडाले होते आणि त्यांनी अंधाऱ्या आकाशात सुमारे दहा मिनिटे चित्रे काढली होती. ही करामत दिल्लीच्या आयआयटीत रुजलेल्या एका होतकरू कंपनीने केली होती. "आपल्याच पोरांनी केलेलं आहे, मग आपल्याला का जमू नये?" असे अध्यक्षांचे म्हणणे होते. ज्यांना गेली दोन वर्षे लिफ्टचा दिवा जमलेला नाही, त्यांनी हे म्हणावे, याचे मला मनोमन कौतुक वाटले.

चौकशी केल्यावर मला पहिला धक्का बसला तो हा, की ड्रोन चित्र दाखवत नाही. तो स्वतःच चित्रातला एक ठिपका असतो. प्रत्येकाच्या पोटाशी रंग बदलणारा एक दिवा असतो, उपग्रहाच्या संकेतांना जमिनीवरच्या केंद्रातून दुरुस्ती मिळाल्यामुळे त्याला आपली जागा काही सेंटिमीटरपर्यंत अचूक कळते आणि बॅटरी संपायच्या आत त्याला मुकाट्याने खाली यावे लागते. थोडक्यात, ही ठिपक्यांची रांगोळी आहे. फरक इतकाच, की इथे ठिपके आपल्या पायांनी चालत येऊन जागेवर बसतात. आता रांगोळीत ठिपके कमी पडले, तर मोराचे काय होते, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. एका कंत्राटदाराने दर ड्रोनमागे सांगितलेला आकडा आणि आमची वर्गणी यांचा मेळ घातला, तेव्हा आमच्या वाट्याला बारा ड्रोन आले. माझ्या धाकट्या लेकीने वहीच्या पाठच्या पानावर बारा ठिपक्यांत गणपती काढून दाखवला. अध्यक्षांना ती चहाची किटली वाटली. खजिनदारांनी वही तिरकी धरून बराच वेळ पाहिले आणि "त्यापेक्षा मोदकच दाखवू, सहा ठिपक्यांत भागेल," असे सुचवले.

दुसरा धक्का नकाशाने दिला. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वाटलेले आहे आणि लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून काहीही उडवता येत नाही. आमची सोसायटी पुण्यात वडगाव शेरीला आहे. लोहगावचा विमानतळ इतका जवळ, की गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायका वरून जाणाऱ्या विमानाकडे आता पाहतही नाहीत. सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात मी आमची गल्ली शोधली, तर ती कुंकवाचा करंडा सांडावा तशी लालभडक निघाली. त्या रात्री मला अनेक आठवड्यांनी शांत झोप लागली.

ती एकाच रात्रीपुरती होती. "ड्रोन नाही तर प्रोजेक्टर! त्याला कुठं उडायचंय?" असे अध्यक्ष सकाळी म्हणाले.

प्रोजेक्टरची अडचण अशी, की प्रकाश कशावर तरी आपटल्याशिवाय दिसत नाही आणि स्वच्छ हवेवर आपटण्यासारखे काही नसते. दिल्लीतसुद्धा त्या संध्याकाळी प्रोजेक्टरची चित्रे नॉर्थ आणि साउथ ब्लॉकच्या भिंतींवर पाडली होती, हवेत नव्हे. हे मी सांगत असताना सी विंगमधले मूळचे कल्याणचे काका पुढे सरसावले. त्यांच्या गावच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' काढली होती. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर पाडून ते पौराणिक कथा हालत्या-चालत्या दाखवत असत. "पण त्यांच्याकडे पडदा होता," असे मी क्षीण आवाजात म्हटले. काका म्हणाले, "तुमच्याकडे धूर आहे." लग्नात नवरानवरीच्या पायाशी ढग सोडणारे यंत्र त्यांच्या पुतण्याकडे भाड्याने मिळत होते, हा तपशील नंतर उघड झाला.

चतुर्थीच्या आदल्या रात्री तालीम ठरली. पार्किंगमध्ये साठ खुर्च्या मांडल्या, त्यांच्या पुढे टेबलावर प्रोजेक्टर ठेवला, एक्स्टेन्शन बोर्डाला पावसाच्या भीतीने दुधाच्या पिशव्या गुंडाळल्या आणि कुंपणाच्या भिंतीला लागून, जमिनीवर धुराचे यंत्र बसवले. बटण दाबताच ते दम्याच्या रोग्यासारखे खोकले आणि त्यातून गोडसर वासाचा पांढरा पडदा वर चढू लागला. मी त्यात हात घातला, तर तळहातावर बाप्पाच्या मुकुटाचा एक तुकडा सोनेरी चमकला आणि खरे सांगतो, क्षणभर माझ्या अंगावर काटा आला.

मागे वळून पाहिले, तर साठ खुर्च्यांवरची मंडळी डोळे बारीक करून बसली होती. त्यांना एक राखाडी डाग दिसत होता. धुक्याचे बारीक थेंब प्रकाश परत फेकत नाहीत. त्यातला बहुतेक प्रकाश ते पुढेच ढकलतात. त्यामुळे धुरावरचे चित्र प्रोजेक्टरच्या पाठीशी बसणाऱ्याला फिकट आणि समोरून पाहणाऱ्याला झळझळीत दिसते. आम्ही खुर्च्या सिनेमासारख्या मांडल्या होत्या. समोर कुंपणापलीकडे दुसरी सोसायटी होती आणि तिच्या चारही मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरून गेल्या होत्या. तिथून टाळ्या येत होत्या. धुरातून निसटलेला उरलासुरला बाप्पा त्यांच्या भिंतीवर, दोन न्हाणीघरांच्या खिडक्या व्यापून, अस्पष्ट पसरला होता आणि आमच्या वर्गणीदारांना दर्शन घडले ते एवढेच.

इतक्यात पलीकडच्या तिसऱ्या मजल्यावरून एका आजींनी हाक मारली. "अहो चिटणीस! बाप्पा फार सुरेख दिसतोय हो, पण हा उजव्या सोंडेचा आहे. याचं सोवळं कडक असतं. तुमच्यात कोण पाळणार?"

आमचा गणपती पंचवीस वर्षे डाव्या सोंडेचा आहे. पण पडद्याच्या मागून पाहणाऱ्याला चित्र आरशातल्यासारखे उलटे दिसते आणि सोंडही त्या नियमातून सुटत नाही. मी कुंपणाशी उभा राहून आजींना प्रकाशाचे शास्त्र सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि "शास्त्र मला सांगू नका, मला दिसतंय ना," असे म्हणाल्या.

अध्यक्षांनी तिथल्या तिथे तोडगा काढला: चित्र उलटे करून टाकायचे आणि खुर्च्या पलीकडच्या पार्किंगमध्ये न्यायच्या. पलीकडच्या समितीने पहिल्या आरतीचा मान मागून घेतला आणि परवानगी दिली. रात्री सव्वाअकरा वाजता मी भिंतीवरून एकेक खुर्ची पलीकडे देत होतो. यंत्र बंद करायचे कोणाला सुचले नव्हते, त्यामुळे माझ्या डोक्यावर बाप्पा अजून तरंगत होता. सतरावी खुर्ची उचलली, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून पुन्हा आवाज आला, "सोंड अजून उजवीच आहे, बरं का! आंघोळ करून आलात ना?"