नक्षी आधीपासूनच होती
एका लेखात म्हटलंय की सोलापुरी चादरीची जॅकेटं करणाऱ्या डिझायनरने 'साध्या चादरीला डिझाइन दिलं'. हे वाक्य फार लागलं. अहो, ही नक्षी छापलेली नसते, जॅकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांबरहुकूम नक्षी उठवणाऱ्या मागावर, विणलेली असते. माझे वडील सोलापूरच्या साखर पेठेत ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत बसायचे, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडली जायची. एक भोक चुकलं की मोराचा डोळा बिघडायचा. चादर उलटी करा, तीच नक्षी रंग पालटून दिसते. ती किमया विणकराची.

जॅकेटचा कट सुरेखच आहे, आपली चादर परदेशात मिरवतेय याचा आनंदही आहे. पण भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चादरीचं गाव आणि ती विणणाऱ्याचं नाव जॅकेटच्या लेबलवर यायलाच हवं.