शॉवरचा पंप काढून बिल्ज पंप बसवण्याच्या सल्ल्याला उत्तर

शिडाच्या नौका बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला वारंवार दिला जातो. न्हाणीतील सांडपाणी उपसणारा पंप बंद पडला तर त्याच्या दुरुस्तीत वेळ घालवू नये, त्याजागी दुप्पट क्षमतेचा स्वस्त बिल्ज पंप (नौकेच्या तळाच्या खळग्यात, म्हणजे बिल्जमध्ये, साचलेले पाणी उपसणारा) बसवावा, पाणी उलटे येऊ नये म्हणून नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालावा आणि तेवढेही करायचे नसेल तर पाणी सरळ बिल्जमध्ये सोडावे, असा तो सल्ला आहे. यातील एकही भाग मला मान्य नाही आणि शेवटचा तर धोकादायक वाटतो.

पंप दुरुस्त होत नाही, हे गृहीतच चुकीचे आहे. अनेक नौकांत न्हाणीचा तळ जलरेषेच्या खाली किंवा जेमतेम वर असल्याने पाणी उचलूनच बाहेर टाकावे लागते आणि त्यासाठी बहुधा मोरीपासून थोड्या अंतरावर डायफ्रॅम पंप बसवलेला असतो. मोटर फिरते पण पाणी जात नाही, ही त्याची नेहमीची तक्रार असते आणि तिच्यात मोटरचा दोष क्वचितच असतो. पंपाच्या आत रबरी पडदा आणि आवक-जावक अशा दोन रबरी झडपा असतात. झडपेच्या ओठात केस किंवा साबणाचा साका अडकला की ती पूर्ण मिटत नाही आणि तेच पाणी आतल्या आत पुढे-मागे होत राहते. आवकेची नळी सोडवून पंप चालू करावा आणि त्याच्या तोंडावर तळहात धरावा. ओढ जाणवली तर पंप ठीक असून दोष गाळणीच्या झाकणाच्या गॅस्केटमध्ये, सैल क्लिपमध्ये किंवा तुंबलेल्या नळीत आहे. ओढ नसेल तरच पंप उघडावा. मोटर मुळीच फिरत नसेल तर फ्यूज पाहावा आणि मग स्विच दाबून ठेवून पंपाच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. स्विच बंद ठेवून तारेवर मोजणारे फसतात, कारण प्रवाह वाहत नसताना गंजलेला जोडही पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो. प्रचलित पंपांसाठी पडदा आणि झडपांचा संच स्वतंत्र मिळतो. पाणी मोटरमध्ये शिरून बेअरिंग गंजले असेल, तर मात्र पंप बदलणेच योग्य.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक नौका पावसाळ्यात बाहेर काढून ठेवतात. त्या काळात साबण सुकून झडपा चिकटतात आणि पंप नवा असला तरी हे व्हायचे टळत नाही. नौका बाहेर काढण्यापूर्वी गोड्या पाण्याने पंप धुऊन काढला तर टळते.

दुप्पट क्षमतेचा युक्तिवाद डब्यावरच्या आकड्यावर उभा आहे. ताशी 500 गॅलनचा बिल्ज पंप म्हणजे मिनिटाला सुमारे 31 लिटर, पण तो आकडा पाणी मुळीच वर चढवायचे नसतानाचा असतो. चढ आणि नळीची लांबी वाढते तसा तो झपाट्याने घसरतो. व्हेल गल्पर 220 सारखा डायफ्रॅम पंप मिनिटाला 14 लिटरच्या आसपास उपसतो, आणि नौकेवर जपून वापरल्या जाणाऱ्या शॉवरला तेवढे पुरते. खरा फरक निराळाच आहे. असा स्वस्त बिल्ज पंप बहुधा सेंट्रिफ्यूगल असतो, म्हणजे फिरत्या पंख्याने पाणी बाहेर फेकतो. तो पाण्यात बुडालेला असावा लागतो, हवा ओढून पाणी वर आणू शकत नाही. उथळ मोरीपासून दूर बसवला तर तो नुसता फिरत राहील. वेगळी टाकी असलेल्या सम्प बॉक्समध्ये तो योग्य ठरतो, हे मान्य. पण तिथेही तळाशी थोडे पाणी उरतेच आणि फ्लोट स्विचवरचे, म्हणजे पाणी चढले की पंप चालू करणाऱ्या तरंगत्या स्विचवरचे, केस नियमित काढावे लागतात.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवणे मला अधिक चिंताजनक वाटते. नौका वाऱ्याने कलली की एरवी जलरेषेच्या वर असलेले बाहेरचे तोंड पाण्याखाली जाऊ शकते, आणि थांबलेला सेंट्रिफ्यूगल पंप म्हणजे उघडी वाटच असते. व्हॉल्व्हच्या पाकळीखाली एक केस अडकला तरी समुद्र आत वाहू लागतो. हे टाळायचे तर नळी उंच वळवून तिच्या माथ्यावर हवा घेणारी झडप बसवावी लागते. हे वळण नौका कुठल्याही बाजूला कलली तरी जलरेषेच्या वर राहील इतके उंच आणि शक्यतो मध्यरेषेजवळ असावे.

आता बिल्जचा मुद्दा. तिथला स्वयंचलित पंप नौका बुडू नये म्हणून असतो. रोजचे केस आणि साबण त्याची जाळी तुंबवतात, फ्लोट स्विच अडकवतात, आणि हे कळते ते खरोखर गळती लागल्यावर. शिवाय कोरडे बिल्ज हीच नाविकाची पहिली खूण असते: प्रोपेलरच्या दांड्याभोवतीचे सील झिरपू लागले किंवा सी-कॉकचा (नौकेच्या कवचातील छिद्र बंद करणाऱ्या झडपेचा) जोड सैल झाला, तर तळाशी जमलेल्या पाण्यावरून ते लक्षात येते, आणि ते खारे की गोडे हे चाखून गळती समुद्राची की टाकीची हे ठरवता येते. न्हाणीचे पाणी तिथे रोज सोडणाऱ्याला यातले काहीच कळू शकत नाही.