मुदत संपलेली औषधं फ्लश करा? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

दिवाळीची साफसफाई जवळ आली की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मला तो चार ठिकाणांहून आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: मुदत संपलेली सगळी औषधं कमोडमध्ये टाकून फ्लश करा, सरकारनेच तसं सांगितलंय, इंजेक्शनच्या सुया टोपण लावून सुक्या कचऱ्यात टाका, ट्यूबलाइट आणि सेलही सुक्यातच, कचरेवाले वेगळं करतात, थर्मामीटर फुटला तर पारा झाडून बेसिनमध्ये सोडा, आणि धोकादायक कचऱ्याचा कायदा कारखान्यांना आहे, घरांना नाही. पाठवणारे आपलेच लोक आहेत, भल्यासाठीच पाठवतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"सरकारनेच फ्लश करायला सांगितलंय."

यात थोडं खरं आहे, म्हणून तर लोक फसतात. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात फ्लश करायच्या औषधांची यादी दिली. ती यादी फक्त १७ नावांची आहे. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, डायझेपाम अशी औषधं त्यात आहेत. यातलं काही लहान मुलाच्या तोंडात गेलं तर एका डोसमध्ये जीव जाऊ शकतो, शिवाय नशेसाठीही ती वापरली जातात. ती घरात पडून राहण्यापेक्षा फ्लश केलेली बरी, एवढाच त्या अपवादाचा अर्थ. आता आपला औषधांचा डबा उघडून बघा. पॅरासिटामॉल, खोकल्याचं औषध, बरं वाटल्यावर सोडून दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स, आजोबांच्या बीपीच्या गोळ्या. यातलं काहीच त्या यादीत नाही.

मैलापाणी शुद्धीकरण केंद्र बांधलेलं असतं घाण आणि गाळ काढायला. औषधांचे रेणू धरून ठेवणं हे त्याचं काम नव्हे, आणि आपल्या शहरांतलं सगळं मैलापाणी तिथवर पोचतही नाही. पुण्यात कमोडमधून सोडलेलं मुळा-मुठेत जातं, तिथून भीमेत, भीमेतून उजनीत. उजनीचं पाणी सोलापूरकर पितात. अँटिबायोटिक असं थोडं थोडं पाण्यात मिसळत राहिलं की जिवाणू त्याला सरावतात, आणि पुढे खऱ्या दुखण्यात तेच औषध लागू पडत नाही.

त्याच सूचनांमध्ये बाकीची औषधं परत घेणारी केंद्रं उभारायलाही सांगितलंय. तो भाग मात्र फॉरवर्ड झाला नाही. केरळने 'एन-प्राउड' नावाने अशी मोहीम कोझिकोडपासून सुरू केली आहे. तुमचा औषधवाला घेतो का, विचारा. घेत नसेल तर गोळ्या पाकिटासकट आणि सिरप बाटलीसकट वेगळ्या पिशवीत ठेवा. बाटली मोरीत ओतू नका.

"सुईला टोपण लावलं की झालं."

हा मुद्दा वाचून मला खरंच राग आला. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी एकदा हात पुढे करून दाखवला. हातमोज्याच्या अंगठ्याला बारीकसं भोक आणि आत सुजलेलं बोट. बिस्किटाच्या पुड्यात कुणीतरी इन्सुलिनची सुई टाकली होती. टोपण होतं, पण पुडा दाबताना ते निघालं. पुढचे कित्येक महिने मावशी रक्ताच्या तपासण्या करत होत्या. कावीळ बी आणि एचआयव्ही या दोन शब्दांनी त्यांची झोप उडवली होती. सुई कुणाची, तिला काय लागलेलं होतं, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं.

घरात मधुमेही असेल तर फरशी पुसायच्या औषधाची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या. सुया त्यात टाका, झाकण घट्ट लावा, वर लाल खूण करा आणि ती हातात देताना "यात सुया आहेत" असं तोंडाने सांगा.

"पारा झाडून बेसिनमध्ये सोडा."

झाडूने पाऱ्याचे आणखी बारीक थेंब होतात आणि फटींत शिरतात. बेसिनमधला पारा खालच्या वाकड्या पाइपात बसून राहतो, आणि पाऱ्याची वाफ खोलीच्या तापमानालाही होत असते. मुलांना बाहेर काढा, पंखा बंद करा, खिडक्या उघडा. हातातल्या अंगठ्या आणि बांगड्या उतरवा, कारण पारा लागला की सोनं पांढरं पडतं. विजेरी तिरकी धरली की थेंब चमकतात. ते दोन जाड कागदांनी एकत्र सरकवा, उरलेले चिकटपट्टीने टिपा आणि सगळं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करा. सीएफएलमध्ये पारा अगदी थोडा, काही मिलिग्रॅम असतो, पण फुटल्यावर हेच करायचं.

सेलबद्दल फार लांबण लावत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते घरच्या इतर कचऱ्यापासून वेगळे देणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. मोबाइलची फुगलेली बॅटरी कचरागाडीत दाबली गेली तर पेट घेते. सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून ठेवा.

"घरांना कायदाच नाही."

कारखान्यांसाठी धोकादायक कचऱ्याचे वेगळे नियम आहेत, हे खरं. पण २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरांसाठी ओला, सुका आणि घरगुती धोकादायक असे तीन भाग स्पष्ट केले. रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, ट्यूब, सेल, औषधं, सुया ही नावं त्यातच लिहिलेली होती. २०२६ च्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (औषधं, ट्यूब वगैरे यात येतात) असे चार भाग आहेत.

आणि जबाबदारी एकट्या आपल्यावर टाकलेली नाही. २०१६ च्याच नियमांत दर २० चौरस किलोमीटरला असा कचरा घेणारं एक केंद्र उभारून त्याच्या वेळा जाहीर करण्याचं काम स्थानिक संस्थेला दिलं होतं. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्याचं वेगळं संकलन सुरू केलं, त्यासाठी सोसायटीला नोंदणी करावी लागते. तुमच्याकडे केंद्र कुठे आहे आणि किती वाजता उघडतं, हे वॉर्ड ऑफिसला सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी विचारा आणि पोच घ्या. उत्तर येईपर्यंत सगळं एका झाकणाच्या खोक्यात, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. ट्यूब मात्र तिच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात, कुणाचा धक्का लागणार नाही अशा कोपऱ्यात.